नाल्याच्या चढावरची जीप

आज गोंदियाच्या उड्डाणपुलावर पुढच्या गाडीची क्लच प्लेट जळाली. तो कडवट वास नाकात शिरला आणि मी वीसेक वर्षांपूर्वीच्या एका दुपारी जाऊन पोचले.

धानाच्या बांधीत निंदण करताना माझ्या नवऱ्याला नाग चावला होता. शेजारच्या हिरामणभाऊंच्या जीपमध्ये यांना मागे निजवून आम्ही दवाखान्याकडे निघालो, तर नाल्याच्या चढावर मागची चाकं ओल्या मातीत जागच्या जागी फिरू लागली आणि क्लच जळल्याचा असाच वास सुटला. यांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. सोबतचे चौघे वजन कमी करायला उतरले आणि ढकलू लागले. त्यांचेच पाय घसरत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. घर्षणाचा धडा नुकताच झाला होता. दाब जास्त, तर पकड जास्त.

"ढकलू नका, मागच्या बंपरवर उभे राहा!" मी ओरडले.

"बाई, गाडी फसून राहिली अन् तुमी वजन कायले वाढवता?" स्टिअरिंगवरून हिरामणभाऊ चिडले.

"पाया पडते, चढा!"

चौघे चढले, मीही लटकले. चाकं आधी आणखीच रुतली. चिखल तोंडावर उडाला. मग खालचा मुरूम लागला असावा, कारण जीपनं हिसका दिला आणि ती चढ चढली.

दवाखान्यात वेळेत पोचलो आणि हे वाचले. बाईंनी विज्ञानानं नवरा वाचवला, असं गावात अजून सांगतात. पण चाकं रुतली तेव्हा मला वाटलं होतं, मीच यांना मारलं. ते मी यांना अजून सांगितलेलं नाही.