धक्क्याला लागलेली होडी

गंगारामकाका अडुसष्टाव्या वर्षी होडीत राहायला गेले.

राजापूरच्या जुन्या बंदरधक्क्यावर भराव टाकून गाड्या लावायला जागा करायची ठरली होती. नगरपरिषदेच्या कागदावर लिहिलं होतं, धक्का वापरात नाही. काकांनी ते वाचलं. मग खाडीच्या तोंडाशी, नाटे गावाला गेले. अवसेच्या उधाणाला आपल्या जुन्या होडीत नारळ आणि सुकी मासळी भरून खाडीतून वर आले. माल उतरवला. ओहोटी लागली तशी होडी गाळात तिरकी बसली. काका तीतच राहिले.

मी त्यांची शेजारीण. मराठी घेऊन एम.ए. केलं. इथे गलबतं येत, इंग्रजांची वखार होती, पुढे गाळ साचला आणि व्यापार गेला, हे मी निबंधात लिहिलं होतं. ती गोष्ट संपलेली आहे, असंच मला वाटायचं.

"काका, हे बंदर मेलंय," मी धक्क्यावरून म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"पाणी कुठाय?"

"गेलंय. येईल." त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. "न्यू रॉसला पण असंच जातं."

न्यू रॉस म्हणजे आयर्लंडातलं नदीवरचं बंदर. काका मालवाहू जहाजावर खलाशी होते तेव्हा खत घेऊन तिथे गेले होते. समुद्र लांब राहतो. भरती धरून बॅरो नदीतून वर जायचं. ओहोटीला काठाकाठाने गाळच गाळ. गाव आठशे वर्षांचं, नाव मात्र नवं. मोठ्या दुष्काळात तिथून माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला गेली.

"तसलंच एक जहाज त्यांनी नव्याने बांधून धक्क्याला ठेवलंय," काका म्हणाले. "शाळेतली पोरं बघायला येतात. खालच्या अंगाला खरी जहाजं लागतात. तिथला गाळ काय सोन्याचा आहे?"

"तिथल्या बायका नवऱ्याला गाळात डबा पोचवतात का, ते पण सांगा," काशीकाकी पायऱ्या उतरत म्हणाली. "जहाजावर होतात तेच बरं होतं. दिसत तरी नव्हतात."

"वशाट आणलंस, मासळी-बिसळी?"

"कढी-भात आहे. बंदर चालू झालं की वशाट."

चार दिवसांनी नगरपरिषदेचे साहेब आले. मागे दगडांनी भरलेला डंपर.

"होडी काढा."

"कशी काढू? पाणी नाही."

"मग आणलीत कशी?"

"आलो तेव्हा होतं."

"म्हणजे मुद्दाम अडकवलीत!"

"तुम्ही लिहिलंत, धक्का वापरात नाही. मी वापरतोय."

डंपरवाला हसला. साहेब हसले नाहीत. "पाणी कधी येणार?"

"एवढं पाणी आता पुनवेला."

"पुनवेला होडी हलली नाही तर पोलीस आणीन. हलली की त्याच दिवशी भराव."

"हलवतो," काका म्हणाले.

इतक्या लगेच कबूल झाले. मला राग आला. "एवढ्यासाठी बसलात?" मी विचारलं. ते होडीच्या फटी बुजवत होते.

पुनवेला दुपारी पाणी चढलं. होडी आधी सरळ झाली, मग तरंगली. काकांनी दोर सोडला, इंजिन सुरू केलं. साहेबांनी डंपरवाल्याला हात केला. काशीकाकी रिकामा डबा धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात नदीच्या वळणावर दुसरं इंजिन वाजलं.

नाट्याचा भिकाजी, काकांचा चुलतभाऊ. होडीत नारळाची पोती. दोन्ही होड्या एकमेकींना घासून गेल्या. भिकाजीची होडी धक्क्याला आली. त्याने दोर फेकला. तो माझ्या पायाशी पडला.

मी नुसती बघत राहिले.

"गो एम.ए.!" काका पाण्यातून ओरडले. "बघतेस काय? बांध!"

मी दोर उचलला. ओला होता, जड होता. दगडी खुंटाला वेढे दिले. गाठ नीट बसली नाही. काशीकाकीने डबा खाली ठेवला आणि ती परत आवळली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"नारळ आहेत, साहेब," भिकाजी पोतं खांद्यावर घेत म्हणाला.

"ही होडी कधी हलणार?"

"माल उतरेपर्यंत पाणी जाईल. आता अवसेला."

साहेबांनी मान हलवली. "अवसेला नक्की?"

"अगदी नक्की. गंगाराम यायचाय ना माल घेऊन. त्याला जागा नको?"