ज्या कानानं नळ ऐकला

“कान धर.”

आप्पा एवढंच म्हणाले. वरडले न्हाईत. पेठेतले दुकानदार, आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे व्हते, हातात अडकित्ता. समोर पेठेची तोटी आणि तोटीपाशी मी. सकाळचं पाणी नुकतंच बंद झालेलं. बायांच्या घागरी अजून रांगेतच व्हत्या, आणि बाया बघत व्हत्या.

मी गटारीची बाई. फावडं, टोपली, खराटा. सोलापुरातल्या त्या पेठेचं सगळं गटार माज्याकडं. आमची जात न शिवायची. पेठेच्या तोटीचं पाणी आमीबी प्यायचो, पर तोटीला हात लावायचा न्हाय. बाजूला घागर ठेवून बसायचं. कुणाला दया आली की ती वरनं पाणी वाढणार. मला रोज साळ्याची अक्का वाढायची. घरात तेलुगू बोलायची, कांड्या भरून भरून बोटं वाकडी झालेली. तिला दया यायची. बाकीच्यांना याची आठवण यायची न्हाय.

मी काय गुन्हा केला व्हता? नळ ऐकला व्हता.

हे नीट सांगावं लागंल. माजा सासरा गटारीतच म्हातारा झाला. पर त्याच्यापाशी एक विद्या व्हती आणि बोरीची एक काठी. काठीचं एक टोक नळाला टेकवायचं, दुसरं कानाला. जमिनीखाली नळ कुटं गळतोय ते त्याला ऐकू यायचं. नळखात्याचा मुकादम बोलवायचा. सासरा ऐकत ऐकत जायचा, जागा घावली की रस्त्यावर चुन्याची फुली मारायचा आणि बाजूला व्हायचा. खणायला दुसरे. नळाला हात लावायला तिसरा, वरच्या जातीचा फिटर. कचेरीत सांगताना गळती मुकादमानंच हुडकलेली असायची. सासरा हसायचा. म्हणायचा, “पोरी, फुली आपली, नाव त्याचं.” मला ते हसणं तवाबी आवडत न्हवतं.

मरताना त्यानं काठी ल्येकाला दिली न्हाय, मला दिली. माजा नवरा गिरणीत, आवाजानं त्याचे कान गेलेले.

त्या उन्हाळ्यात गावाला पाणी देणारं तळं खाली गेलं. सकाळी घंटाभर पाणी सुटायचं, मंग चावी बंद. पेठेच्या वळणावर नळ गटाराच्या खालनं जातो. तितं गटार तुंबलं व्हतं. मी गाळ उपसत व्हते. आणि मला एक गोष्ट दिसली. सकाळी काठोकाठ भरलेलं गटार चावी बंद झाली की बोटभर खाली जायचं. वाट तर तुंबलेली. मंग पाणी जात कुटं व्हतं?

म्हणून त्या दिशी मी काठी घेऊन आले. तोटीच्या नळाला टेकवली, चावी बंद व्हायची वाट बघितली आणि ऐकलं. गळतीचा आवाज बाहेर पडतो. सुर्र करतो. ह्यो आवाज उलटा व्हता. बिनदाताचं म्हातारं बशीतला चहा वढतं, तसा. रिकामा झालेला नळ गटार पीत व्हता.

अंगावर काटा आला. अजून नीट ऐकावं म्हणून वाकले, तोल गेला, आणि सावरायला हात तोटीवर पडला. आप्पांनी नेमकं तेवढंच बघितलं.

मी म्हणाले, “आप्पा, नळ फुटलाय. वळणावर. गटाराचं पाणी आत जातंय.”

“गटार तर तूच आणलंस हितं, तुज्या हातानं. कान धर.”

मी मुकादमाकडं बघितलं. तो नळ सोडायची लांब चावी खांद्यावर टाकून उभा व्हता. त्याला काठीची विद्या ठाव व्हती. सासऱ्याच्या फुलीवर त्यानं अर्धी नोकरी काढली व्हती की! तो एक शबुद बोलला असता तर बास व्हतं.

त्यानं मान दुसरीकडं केली. म्हणाला, “आप्पा म्हणतात तसं कर की. आता बाईमाणसाच्या कानावर मी रस्ता खणू काय?”

मी कान धरले. ज्या कानानं ऐकलं, तेच.

“म्हण, मी चुकले.”

“मी चुकले.”

“मोठ्यानं.”

“मी चुकले!”

माजी चंद्री माज्या लुगड्याला धरून उभी व्हती. पाच वर्साची. तिनंबी दोन्ही हातांनी कान धरले आणि माज्यामागं म्हणाली, “मी चुकले.” तिला वाटलं खेळ हाय. बाया हसल्या. बाया हसल्या म्हणून चंद्रीबी हसली.

मंग आप्पांची सून आली. नवी नवरी, कोपरापातूर हिरवा चुडा. चिंच आणि राख घेऊन बसली आणि पितळंची तोटी घासायला लागली. घास घास घासली. तोटी सोन्यावाणी चकाकली. रांगेतल्या बाया म्हणाल्या, आता कसं, शुद्ध झालं. सुनेनं एकदा वर बघितलं माज्याकडं, आणि मान खाली घातली.

आता पुढचं सांगते. हे मी नवऱ्यालाबी सांगितलं न्हाय.

घरी आले आणि मला वाटायला लागलं, मी खरंच चुकले असंन. आप्पा शिकलेले. मुकादमाला कचेरीत खुर्ची. एवढी माणसं म्हणतात, म्हंजे तसंच असंल. मी कोण? गटारीची बाई. मला काय कळतंय नळातलं? त्यांनी माज्या तोंडातनं मोठ्यानं म्हणून घेतलं, आणि मोठ्यानं म्हणलेलं आतपर्यंत गेलं. अपमान तर मला लहानपणापासनं पाठ व्हता, त्यानं मी मरत न्हवते. पर त्या दिशी त्यांनी माजा माज्या कानावरचा विश्वास काढून घेतला. हे मला लई उशिरा कळलं.

दुसऱ्या दिशी अक्कानं पाणी वाढलं. मी घागर हुंगली. वास येत व्हता का? येत व्हता. पर माज्या हाताला तर जलमभर वास. मी म्हणाले, माजाच असंल.

आणि चंद्रीला पाणी पाजलं.

आठवड्यात पेठेत पटकी शिरली. आधी पेठेत, मंग आमच्या वस्तीत. चंद्रीला सकाळी उलटी झाली. दुपारपर्यंत तांदळाच्या धुवणागत नुसतं पाणी जात व्हतं. डोळे खोल गेले. कांद्याचा रस दिला, अंगारा लावला, देवाला नारळ बोलले. ती सारखं म्हणायची, “आये, पाणी.” आणि मी देत व्हते. माज्या घरात दुसरं पाणीच न्हवतं. त्याच घागरीतलं देत व्हते, माज्या हातानं, वाटी वाटी.

उन्हं कलताना तिनं वाकळ भरवली. पोर शहाणी, तिला लाज वाटली. हात उचलत न्हवते तिचे, तरी कसेबसे कानापातूर नेले. म्हणाली, “मी चुकले.”

मी म्हणाले, “न्हाय ग बाय. तू न्हाय चुकली. हात खाली घे.”

तिनं घेतले न्हाईत. मी घेतले खाली, ती गेल्यावर.

तिसऱ्या दिशी मुकादम वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला न्हाय. म्हणाला, “कचेरीतनं साहेब आलाय. तुजी ती काठी घेऊन चल.”

मी म्हणाले, “काठी कशाला? जागा सांगितली की तुमाला. सगळ्यांदेखत सांगितली.”

त्यानं माणसं लावली. वळणावर खणलं. पर नळावर गटाराची घाण साचलेली, त्यात फिटर उतरंना. घाण उपसायला पुन्हा मीच पायजे. मी उतरले. कमरंइतक्या घाणीत टोपल्या भरभरून वर दिल्या, तवा नळ दिसला. सांध्यातला ताग कुजून गेलेला, शिसं निखळलेलं, आणि मधी भोक. माजं बोट आरपार गेलं. मी बोट तसंच ठेवलं.

“ए, नळाला हात लावू नको,” फिटर वरनं वरडला.

मी काढला न्हाय. त्या बोटभर भोकातनं माजी चंद्री गेली व्हती. कान खरा व्हता माजा. कान पहिल्यापासनं खरा व्हता. मी खड्ड्यात रडले. घाणीत उभी राहून, मोठ्यानं रडले.

मंग वर आले. अंग तसंच, लडबडलेलं. सरळ तोटीकडं चालत गेले. बाया घागरी वढून बाजूला झाल्या. आप्पा पायरीवर बसले व्हते. त्यांच्या दाराशीबी सुतक व्हतं. चिंचंनं तोटी घासणारी ती नवी सून आदल्या दिशी गेली व्हती. तीबी तेच पाणी प्याली व्हती, शुद्ध केलेलं. मला तिचा हिरवा चुडा आठवला. त्या पोरीचं काय चुकलं व्हतं?

त्या दिशी फिटरचं काम चालू म्हणून पाणी न्हवतं. तरी मी तोटी धरली. तोल गेला म्हणून न्हाय, पाच बोटांनी, मूठ वळून धरली. घाणीचा हात तसाच पितळंवर.

आप्पा उठले. “काय करतीस?”

“आप्पा, मी चुकले न्हवते.”

ते एक पायरी खाली उतरले.

“मोठ्यानं म्हणू?” आणि मी म्हणाले, पेठेच्या दोन्ही टोकांना जाईल एवढ्या मोठ्यानं. “मी चुकले न्हवते!”

मागनं साळ्याची अक्का आली. मला वाटलं, ओढून नेती आता. पर ती तोटीच्या कट्ट्यावर बसली आणि रडायला लागली. चंद्रीचं पाणी तिनंच वाढलं व्हतं.

कुणीतरी घरात चिंच आणायला वळलं. मी बघितलं. म्हणाले, “आणा चिंच. घासा. उद्या पाणी सुटलं की मी येणार, ह्याच हातानं तोटी सोडणार आणि माजी घागर मी भरणार. परवाबी येणार. रोज येणार. पोरीच्या वाटणीचंबी भरणार. तुमची चिंच संपंल आप्पा. माजा हात संपायचा न्हाय.”

दुसऱ्या दिशी चावी उघडायच्या आधीच मी रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं.