दर शनिवारी एक नवं शहर

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडं वळवला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या बराच वेळ पडद्याकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या, "काइन हेर्त्सश्लाग." हृदयाचे ठोके नाहीत. मला वाटलं, आपलंच जर्मन कच्चं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "बिट्टे?" म्हणजे, काय म्हणालात? त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा म्हटले, जास्त सावकाश, परदेशी माणसाशी बोलतात तसे. दोन्ही शब्द मला येत होते. क्लासमध्ये शरीराच्या धड्यातच शिकवले होते.

फेब्रुवारीचा शेवट होता आणि मला नववा आठवडा चालू होता. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये छोटी शस्त्रक्रिया झाली. सकाळी गेलो, दुपारी घरी आलो. ऑफिसला दोन ओळींची मेल केली. इथं आजारपणाचं कारण कुणी विचारत नाही, आणि तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं.

भारतात कुणाला माहीतच नव्हतं. तीन महिने पूर्ण झाले की सांगू, असं आमचं ठरलं होतं. जे आल्याचं सांगितलं नव्हतं, ते गेल्याचं काय सांगणार? माझ्या आईचा रविवारी फोन आला तेव्हा आम्ही थंडीबद्दल बोललो.

पुढच्या शनिवारी सकाळी नवरा पाठीवरची सॅक घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "चल, बाहेर पडू. उल्मला जाऊ." मी हो म्हटलं. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढंही नव्हतं. उल्मच्या चर्चचा मनोरा फार उंच आहे. तो वर चढून गेला, मी खाली बाकावर बसून राहिले. परत आल्यावर धापा टाकत म्हणाला, "वरून आल्प्स दिसतात म्हणे. आज ढग होते." संध्याकाळी आमच्या गावी, बॉबलिंगेनला परतलो, खिचडी खाल्ली आणि झोपलो.

मग तसंच सुरू झालं. आमच्याकडं महिन्याचा पास होता, तो साध्या गाड्यांना कुठंही चालायचा. दर शुक्रवारी तो विचारायचा, "उद्या कुठं?" आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. हायडेलबर्ग, कॉन्स्टान्झ, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन. थोडे जास्त पैसे घालून बाझेल आणि स्ट्रासबुर्गही झालं. गेलेल्या गावी परत जायचं नाही, हा त्याचा नियम. मी पोळीचे रोल फॉइलमध्ये गुंडाळायची, तो गाड्यांच्या वेळा बघायचा. गाडीत तो खिडकीपाशी, मी त्याच्या शेजारी. फलाट कोणता, उतरायचं कधी, टॉयलेट कुठंय, एवढंच आम्ही बोलायचो.

त्या शहरांमधलं मला नीट काही आठवत नाही. नदी असायची, तिच्यावर जुना पूल, पुढं चौक, चौकात चर्च. मी सगळं बघायचे. बघितलेलं आत कुठं जायचंच नाही. फ्रायबुर्गमध्ये कॉफीचा पेला मी हातात धरून बसले होते आणि नवऱ्यानं अचानक तो ओढून घेतला. "अगं, भाजतंय ना!" म्हणाला. तळहात लाल झाला होता. मी बघितलं, खरंच लाल झाला होता.

फोटो मात्र आम्ही काढायचो आणि घरच्या ग्रुपवर टाकायचो. खाली उत्तरं यायची, "मस्त!", "मजा आहे बुवा तुमची!" एप्रिलमध्ये सासूबाई फोनवर म्हणाल्या, "हिंडा, आत्ताच हिंडून घ्या. पोरंबाळं झाली की उंबरठा ओलांडता येत नाही." फोन स्पीकरवर होता. नवरा "हो आई" म्हणाला आणि उठून सॅकमधल्या पाण्याच्या बाटल्या भरायला लागला. त्या दिवशी बुधवार होता.

जूनमध्ये सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा आणि बॅगेत सांगलीची हळद. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ऱ्हाईन इथून किती लांब?" सबंध आयुष्य फळ्यावर खडूनं काढलेली नदी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. नवऱ्याला उत्साह आला. बिंगेनला जाऊ, तिथून पुढं दोन्ही बाजूंना डोंगर आणि किल्ले आहेत, असं त्यानं ठरवलं. पण शनिवारी सकाळी त्याला सणकून ताप भरला. म्हणाला, "तुम्ही दोघी जा. आईचा दिवस फुकट नको."

कार्ल्सरूहेला आम्हाला गाडी बदलायची होती. फलाटावर पोचलो तर पाटीवर 'फेल्ट आउस' असं सरकत होतं. गाडी रद्द. पुढची दोन तासांनी, आणि तिचाही भरवसा नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. मी म्हटलं, "आई, ऱ्हाईन इथंही आहे. पण किल्ले वगैरे काही नाहीत हं. गावाबाहेर ट्रामनं जावं लागेल."

"मला कुठं किल्ल्यात राहायचंय?" त्या म्हणाल्या.

पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर आम्ही उतरलो. नदी होती, रुंद आणि मातकट. जवळच कारखान्याची धुराडी होती आणि पुलावरून मालगाड्या जात होत्या. मला ओशाळल्यासारखं व्हायला हवं होतं. सासूबाईंनी चपला काढल्या आणि गवतात पाय टेकले. मग एक लांबलचक बोट आली, पाण्यात अगदी खोल बुडालेली. मागच्या बाजूला तिच्यावर चक्क एक मोटार उभी होती आणि दोरीवर कपडे वाळत होते. "भरलेली आहे. रॉटरडॅमला चालली असणार," त्या म्हणाल्या. "मुलांना हे तोंडपाठ करायला लावायची मी. कपडे वाळत घालतात हे नव्हतं पुस्तकात."

मी डबा उघडला. त्यांनी रोल हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"किती दिवस गेले होते?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"क्रोसिन शोधत होते सकाळी त्याच्यासाठी. खणात फॉलिक अॅसिडची पाकिटं दिसली. एक अर्धं संपलेलं, बाकीची तशीच." त्या नदीकडंच बघत होत्या. "आणि मी आल्यापासून तू हसलेली नाहीस. हसतेस, पण तसं नाही."

"नववा आठवडा होता," मी म्हटलं. "फेब्रुवारीत."

"म्हणजे मी फोनवर ते बोलले तेव्हा..."

"हो."

त्यांनी रोल पुन्हा डब्यात ठेवला. "मला माहीत नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत असणार, आई."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो रडला का?"

चार महिने मी त्याच्या शेजारी गाडीत बसत होते. त्याच्या जॅकेटची शिवण कुठं उसवली आहे हे मला सांगता आलं असतं. तो रडला की नाही, हे मी बघितलंच नव्हतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

"आणि तू?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यावर त्यांनी उपदेश केला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. आणखी एक बोट गेली, ही रिकामी होती. मग आम्ही दोघींनी एकेक रोल खाल्ला.

घरी पोचलो तेव्हा नवरा स्वयंपाकघरात मऊ भात शिजवत होता. ताप उतरला होता. "कसं होतं बिंगेन?" त्यानं विचारलं.

"पोचलोच नाही," मी म्हटलं. "आईंना कळलंय."

त्यानं काय कळलंय असं विचारलं नाही. शेगडी बंद केली, ती दोनदा तपासली, आणि खाली फरशीवर बसला. मग तो असा रडला की शेजारचे दार वाजवतील असं मला वाटलं. सासूबाई गुडघे धरत त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी दारात उभी होते. माझे पाय दुखत होते. मी बूट काढले, कपाटात ठेवले आणि मग त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. त्यानं माझा हात घट्ट धरला. "मला वाटलं, घरात बसलो तर तू मोडशील," तो म्हणाला. मला वाटत होतं, त्याला शहरं बघायची आहेत.

पुढच्या शनिवारी आम्ही कुठंही गेलो नाही. तो अकरापर्यंत झोपला. सासूबाई आणि मी बाल्कनीत बसून घेवडा निवडला. माझ्या आईला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ती खूप रडली आणि मीच तिची समजूत घालत राहिले, कोरड्या आवाजात.

सासूबाई ऑगस्टच्या शेवटी परत गेल्या. मला रडू आलं ते ऑक्टोबरात, ऑफिसच्या जिन्यात, काहीही झालेलं नसताना. मीटिंगला खाली जात होते आणि मधल्या पायरीवर बसावंच लागलं. आमच्या टीममधला एक वयस्कर सहकारी मागून येत होता. तो थांबला. "अल्लेस गुट?" त्यानं विचारलं, सगळं ठीक ना?

"नाइन," मी म्हटलं. नाही.

त्यानं कारण विचारलं नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो माझ्या शेजारच्या पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. वरखाली करणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मीटिंगला आम्ही दोघंही उशिरा पोचलो.