ळचा घोटाळा

हैदराबादची नोकरी आता आपल्याच्याने होणार नाही हे मला कळलं, तेव्हा मी कुकरची माफी मागत होते. अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि प्रत्येकाला ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणायचं, एवढीच माझी नोकरी. त्या दिवशी सुट्टी होती. कुकरने शिट्टी दिली आणि ती दिलगिरी आपसूक तोंडातून निघाली. दुसऱ्या शिट्टीलाही निघाली. तिसरीची वाट न बघता मी गॅस बंद केला, फरशीवर बसून रडले आणि मग भूक लागली म्हणून अर्धाकच्चा भात खाल्ला.

साहेबांनी राजीनामा घेतला नाही. महिनाभर बिनपगारी रजा घे म्हणाले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी फोन करीन, येतेस की नाही तेवढं सांग, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मी बॅग भरून कर्नाटकाच्या सीमेवरच्या औरादला, घरी आले आणि आतून जळून गेलेय एवढंच सांगितलं.

‘काय जळालं म्हन्लीस?’ अप्पांनी विचारलं. अप्पा म्हणजे माझे वडील. शेतकरी माणूस, जळणारी एकच गोष्ट त्यांना ठाऊक, ती म्हणजे बोअरची मोटर.

‘मीच जळाले, अप्पा.’

‘मोटर जळली तर वाइंडिंग करून परत बसवतेत. फेकून देत न्हाईत.’

म्हणजे महिनाभर वाइंडिंग आणि मग परत हैदराबाद, असा त्यांचा हिशेब. माझा बेत वेगळा होता. मला हाताने बोर्ड रंगवायचे होते. शाळेत असताना गल्लीतल्या प्रत्येक लग्नघराच्या भिंतीवरचं ‘शुभविवाह’ माझ्या हातचं असायचं. अक्षर ही एकच गोष्ट देवाने मला सढळ हाताने दिली होती आणि ती मी अकरा वर्षं झाकून ठेवली होती. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘समदं गाव फ्लेक्स लावायलंय आन् तू कामून रंगात हात घालायलीस?’ महिना तुझा, कर काय करायचं ते, असंही म्हणाले, पण ते आईकडे बघून.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग बसस्टँडच्या रस्त्यावरच्या दूध डेरीच्या अण्णांना दया आली. बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीकडे एकच मजकूर: इथे शुद्ध दूध मिळेल. मला हर्षवायू व्हायचा राहिला.

आता इथे थोडं माझ्या जिभेबद्दल सांगायला हवं. हैदराबादेत हिंदी बोलून बोलून माझा ळ गेला होता. केळ्याला ‘केला’ म्हणायचे, डोळा दुखला तर ‘डोला’ दुखायचा. आई म्हणायची, ‘ळ तिथंच ठिवून आलीस का?’ शेजारणी मुद्दाम मला ‘टिळक’ म्हणायला लावायच्या. त्यामुळे मी भलतीच सावध झाले होते. जिभेवर ल आला की आधी शंका घ्यायची, हा आपला की हैदराबादचा?

कन्नड मी भडाभडा बोलते, औरादच्या बाजारात कोण बोलत नाही? लिहिणं मात्र शाळेत पास होण्यापुरतं. दुधाला कन्नडमध्ये ‘हालु’. शिडीवर चढून मी हा शब्द मनात म्हटला आणि लगेच शंका आली. हा ल हैदराबादी तर नाही? काला म्हणजे काळा, फल म्हणजे फळ, तसा हालु म्हणजे हाळुच असणार. ठसठशीत लाल रंगात, पांढऱ्या कडेसकट, मी ‘शुद्ध हाळु’ लिहिलं. इतकं देखणं अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं.

आठ दिवस काही झालं नाही. अण्णा मराठी शाळेत शिकलेले, ते खालची ओळ वाचायचे. गिऱ्हाइकं थांबून वर बघत, हसत, आणि अण्णांना वाटे, बोर्ड आवडायलाय. नवव्या दिवशी कन्नडच्या निवृत्त बाई किटली घेऊन आल्या. त्यांनीच मला शाळेत शिकवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘अण्णा, मला दूध पाहिजे होतं. वाटोळं नको.’

हालु म्हणजे दूध. हाळु म्हणजे नासलेलं, वाटोळं झालेलं.

अण्णांनी मला बोलावून घेतलं. ‘आठ दिस झाले, मी शुद्ध वाटोळं इकायलोय व्हय?’ हे त्यांनी तीन वेळा विचारलं, आवाज न चढवता, त्यामुळे जास्तच लागलं. मी म्हटलं, आत्ता दुरुस्त करते. नेमका तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. शिडी आणायला घरी जातानाच मी ठरवून टाकलं, साहेबांचा फोन आला की ‘येते’ म्हणायचं. जिला दूध लिहिता येत नाही तिने दुकान कसलं मांडायचं? लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

अप्पा शिडी धरायला आले. बाई किटली घेऊन तिथेच उभ्या, माझा ल बरोबर येतो का ते बघायला. बघता बघता दहा-बारा माणसं जमली आणि ज्याला कन्नड येत नव्हतं तोसुद्धा वळण कुठे द्यायचं ते सांगू लागला. मी ‘ळु’ खरवडून काढला, टर्पेंटाइनच्या फडक्याने जागा पुसून वाळवली आणि नवा ‘लु’ काढायला ब्रश टेकवला. तेवढ्यात अप्पांच्या खांद्यावरच्या माझ्या पिशवीत फोन वाजला.

साहेबांचाच असणार; मी उतरायच्या आत अप्पांनी तो उचलला. बाहेरच्या माणसाशी ते आमची दखनी हिंदीच बोलतात, आणि फोनवर तर ओरडूनच.

‘उने काम पो है,’ ते म्हणाले, म्हणजे ती कामावर आहे. पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. ‘हौ, काम पो. नै आती उने.’ मग फोन खिशात टाकून त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. ‘खाली बघू नको,’ मला म्हणाले, ‘अक्षर बिघडंल.’

आमच्याकडे पगाराच्या नोकरीला ड्युटी म्हणतात. काम म्हणजे शेतातलं, अंग मोडणारं. अकरा वर्षं कुणीही विचारलं की अप्पा सांगायचे, पोरगी ड्युटीला हाय. मी जे करते त्याला त्यांनी काम म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरले, मी ब्रश उचलून बाहीने ते पुसले, बाई खालून म्हणाल्या, सावकाश. मी लु पुरा केला, खाली उतरले आणि स्वतः साहेबांना फोन लावून सांगितलं, की माझे वडील बोलले ते बरोबर आहे.