सायलीचे पेढे

पेढ्यांच्या खोक्यापर्यंत आलेला हात मध्येच थांबतो, तेव्हा तो बरंच काही बोलून जातो. शेजारच्या काकूंचा हात काल असाच थांबला.

"पेढे कसले गं?"

"सायलीला ॲडमिशन मिळाली. विशेष मुलांच्या निवासी शाळेत. आता तिथेच राहणार, तिथेच शिकणार."

माझी सायली अकरा वर्षांची आहे. ती बोलत नाही, आणि भरवल्याशिवाय तिला जेवता येत नाही. काकूंनी हात मागे घेतला. "आईच्या काळजाला हे जमतं तरी कसं?"

त्यांचा नातू क्लाससाठी होस्टेलवर गेला, तेव्हा याच काकूंनी बिल्डिंगभर पेढे वाटले होते. त्याच्या आईच्या काळजाची चौकशी कुणी केली नव्हती. हुशार मुलाला लांब पाठवलं की ते त्याचं भविष्य, आणि माझ्या मुलीला पाठवलं की मी तिला टाकली! लोखंडी कॉट दोघांनाही तशीच मिळते, आणि मागे घरातला पलंगही तसाच रिकामा राहतो. मी रडले नाही असं नाही. पण ते रडणं मी कुणाच्या दारात नेणार नाही. दारात पेढेच नेणार. तिथल्या ताई सायलीला चमचा धरायला शिकवणार आहेत. भरवायला मी नसेन, त्या दिवशी तो तिच्या हातात असायला हवा.

मी खोका तसाच पुढे धरून उभी राहिले. शेवटी काकूंनी एक पेढा उचलला.

"काकू," मी म्हटलं, "पेढा घेतल्यावर अभिनंदन म्हणतात."