रद्द झालेलं विमान

मशीनच्या कॉफीचा वास आला की नांदेडचा विमानतळ आठवतो. धुक्यामुळे विमान फार उशिरा आलं, पायलटच्या ड्युटीची वेळ संपली आणि नियमाने त्याला पुढे हैदराबादला उडता येईना. तिथे दवाखान्यात माझ्या थोरल्या भावाचं काही खरं नव्हतं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "बसूनच तर चालवायचंय, तुला काय नांगर ओढायचाय?" तो पायलट, बोलण्यावरून लातूरकडचा पोरगा, हळूच म्हणाला, "काका, डोळे मिटून राहिले माझे. गाडी करून निघा, संध्याकाळपर्यंत पोचताल." मी गाडी केली नाही. देगलूरच्या शेतावरून आम्हा भावांचं बोलणं तुटलेलं. भावासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. विमान रद्द झालं तेव्हा मला हायसंच वाटलं होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. वहिनी अजून त्या पायलटला शिव्या देतात, आणि मी मान डोलावतो.