पोटात कोण जेवतं

माझी भूक आमच्या साऱ्या घराण्यात प्रसिद्ध आहे. स्वतःच्या लग्नात पंगत उठली तरी मी बसूनच होते, असं आमचे हे अजून सांगतात. त्यातलं अर्धं खोटं आहे, मी मठ्ठ्यासाठी थांबले होते. तर अशा बाईला बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी भूक लागलीच नाही.

तामलवाडीकडच्या एका खेड्यात मी तेव्हा नवी सून होते. आमचे हे आणि सासरे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. घरी सासूबाई आणि मी. त्यांना मी आत्या म्हणायची. सोसायटीच्या दुकानात रेशनची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिचं पीठ चाळून भाकरी व्हायची ती कामावर जाणाऱ्यांसाठी आणि गुडघ्यांनी बसवलेल्या आत्यांसाठी. चाळणीत राहिलेला कोंडा एरवी म्हशीचा. पण म्हैस सरकारी चारा-छावणीत गेलेली, त्यामुळं तिचा वाटा माझ्याकडं आला. कोंड्यात तुरीची चुणी, म्हणजे डाळ भरडताना पडलेला चुरा, कालवून मी मुठीनं वळलेले मुटके उकडायची आणि दिवेलागणीला, सगळ्यांच्या मागून, ते खायची. म्हशीनं कधी तक्रार केली नव्हती. मीही केली नाही.

त्या सकाळी मी विहिरीच्या तळाशी बसून झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरत होते. आटलेल्या विहिरीत आवाज लवकर विरत नाही, भिंतीभिंतीनं फिरत राहतो. तशात कुणीतरी बोललं. हळू, घोगरं, ओलसर. वर बघितलं तर आभाळाचा गोल तुकडा, खाली बघितलं तर चिखल. पुन्हा बोललं तेव्हा कळलं, की आवाज माझ्याच पोटातून येतोय. आणि मग ध्यानात आलं, की आज भूक नाही. भुकेच्या जागी दुसरंच काहीतरी बसलं होतं. आरामात, पाय पसरून.

घरी आत्यांनी चहाबरोबर भाकरीचा तुकडा पुढं केला.

"नको."

"का गं?"

"भूकच न्हाय, आत्या."

"तुला?"

त्या एका शब्दात माझी सगळी कीर्ती होती.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या, अंगावरचं मांस उतरत होतं आणि सकाळी भूक मात्र नाही. आत्या माझ्याकडं टक लावून बघत बसायच्या. एकदा त्यांनी मला जवळ ओढलं, माझ्या पोटाला कान लावला आणि चटका बसल्यासारखं डोकं मागं घेतलं.

"कोण जेवू घालतंय गं तुला?"

मागच्या कुठल्याशा दुष्काळात एका उपाशी सुनेनं त्या विहिरीत जीव दिला होता, असं गावात बोलायचे; आत्यांचा रोख तिच्याकडंच होता. मी म्हणाले, "आत्या, ती उपाशी गेली असंल तर मला जास्तीच भूक लागाया पायजे."

"येडी हायस. तुझं ती जेवती. तिचं पोट भरलं, मग तुला कशाची भूक?"

मला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीत पाय टाकण्याआधी मी "येऊ का?" म्हणून विचारायला लागले. कुणी नको म्हणालं नाही, याचीही भीती वाटायची.

मग आत्यांनी ठरवलं, हिला उमरग्याला माहेरी धाडायचं. अंगातलं ते बाहेरचं जाईल तेव्हा बघू. जाईल कधी, हे कोण ठरवणार होतं? अशी धाडलेली सून परत आणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न जमत आलेलं. थोरलीला बाहेरचं लागलंय म्हटल्यावर तिच्या दारात कोण उभं राहिलं असतं? आमचे हे म्हणाले, "आई म्हणती तर..." आणि हात धुवायला उठले. धुवायला पाणी नव्हतं, तरी उठले.

माझा भाचा आता डॉक्टर आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो आधी पोटभर हसला आणि मग गंभीर झाला. म्हणाला, "मावशी, कोंडा लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. आपण समजतो ती नुसती घाण साठवायची जागा. पण निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात जंतूंची वस्ती असते. ते कोंडा आंबवून खातात, त्यातून वायू होतो, म्हणून गुरगुर. आणि त्यांनी जे मागं टाकलेलं असतं, ते लागलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी रक्तात हार्मोन सोडतात. ते जठराला म्हणतात, सावकाश. मेंदूला म्हणतात, पुरे. याला तास न् तास लागतात. संध्याकाळी खाल्लेल्याचा निरोप सकाळी पोचतो." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्या बाबतीत तेच झालं असेल, हे शपथेवर नाही सांगत. भीतीनंही भूक मरते. आणि भूक मेली म्हणजे अंगाला मिळालं, असं नसतं."

"म्हणजे आत कुणीतरी जेवत होतं म्हण की."

"होतं," तो म्हणाला. "आत्ताही जेवतंय. माझ्याही पोटात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

पण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. एसटीनं मला धाडायच्या आदल्या संध्याकाळी आत्यांनी शेवटचा उपाय काढला. त्यांच्या माहेरची समजूत अशी, की घरातली थोरली बाई बाहेरचं लागलेल्या बाईच्या ताटात जेवली की ते उठून जातं. सासू सुनेच्या ताटात बसलेली मी तोवर बघितली नव्हती. आत्या चुलीपाशी आल्या, गुडघा धरून माझ्यासमोर बसल्या आणि मुटक्याचा पहिला घास त्यांच्या घशात अडकला.

"हे खातीस व्हय रोज?"

"व्हय."

माझ्याइतकेच मुटके त्यांनी खाल्ले, पाणी पिऊन पिऊन.

सकाळी मी लुगडं नेसून एसटीला निघायच्या तयारीत उभी होते. आत्या अंथरुणावर उठून बसलेल्या, दोन्ही हात पोटावर. मी भाकरी पुढं केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. घर गप्प होतं आणि त्या गप्प घरात त्यांच्या पोटातून ते बोललं. हळू, घोगरं. लगेच माझ्या पोटातनं त्याला जबाब गेला.

आत्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

आमचे हे दारातून म्हणाले, "आई, गाडीचा टाइम झाला."

आत्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती. "कुठं न्हाय जायाचं तिला," त्या म्हणाल्या. आणि मग मलाच, खालच्या आवाजात, "हितंच ऱ्हा. मला एकटीला भ्या वाटतं."